पूर्वेस तीन किलोमीटर

“काका, तुमच्या तालुक्यातले सगळे चोर एकाच माळावर राहतात का हो?”

ऋजुता मॅडमनी लॅपटॉपवरची नजर न हलवता विचारलं. बुधवारची दुपार होती. ठाण्याच्या रेकॉर्डच्या खोलीत आम्ही दोघंच होतो आणि जुन्या कागदांची धूळ. मी एक गठ्ठा सोडत होतो. हसून म्हणालो, “चोर म्हणजे काय मेंढरं आहेत का मॅडम, एका माळावर बसायला?”

“मग हे बघा.”

मी चष्मा पुसून बघितलं. पडद्यावर आमच्या तुंगवण भागाचा नकाशा होता, त्यावर चौकोन आखलेले, बरोबर शंभर. पूर्वेच्या बाजूला दोन-तीन चौकोन लालभडक झाले होते.

“हा २००३ सालचा चोर,” त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. “हा २००५ चा.” लाल पुन्हा तिथंच. “हा २००८ चा.” तिथंच. असे चौदा चोर दाखवले, पण लाल रंग काही जागचा हलला नाही. “ही जागा कुठली?”

“खंडोबाचा माळ,” मी म्हणालो. तोंडातनं शब्द गेला आणि हातातला गठ्ठा मी तसाच खाली ठेवला.

थांबा, आधी सगळं नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा मधूनच कुठनं तरी सुरू झाला. ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी रावसाहेब थोरवत, तुंगवण ठाण्यात सहायक फौजदार. नोकरीत निम्मं आयुष्य लिखापढीवर गेलं. फिर्याद कुणाचीही असो, लिहायची थोरवतांनी. अक्षर मोत्यासारखं, त्याचा मला गर्व. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

त्या वर्षी केबल चोरांनी आम्हाला जेरीला आणलं होतं. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून न्यायची, जाळायची आणि आतलं तांबं विकायचं. दोन महिन्यांत नऊ चोऱ्या झाल्या. शेतकरी रोज ठाण्यात येऊन बोंबलायचे. तेवढ्यात वरनं एक नवं यंत्र आलं. यंत्र म्हणजे कॉम्प्युटरातला प्रोग्राम. चोऱ्या कुठं कुठं झाल्या ते त्यात भरायचं, मग तो चोर कुठं राहत असेल ते चौकोन लाल करून दाखवतो. शंभर चौकोनांना नंबर देतो. एक नंबरच्या चौकोनात आधी शोधा, मग दोन नंबरच्या, असं करत शंभरपर्यंत. चोर आपल्या घराच्या आसपासच चोऱ्या करतो, पण अगदी दारात करत नाही, असा त्यामागचा हिशेब. ऐकायला झकास वाटतं.

पण हे यंत्र खरंच किती चालतं हे कुणाला तरी मोजायला नको? त्यासाठी पुण्याहून ऋजुता वैशंपायन आल्या होत्या. वय अठ्ठावीस, अंगकाठी पाप्याचं पितर, पण कामाला वाघीण. त्यांची पद्धत सोपी होती. जुने, पकडलेले चोर घ्यायचे. त्यांच्या चोऱ्यांच्या जागा यंत्रात भरायच्या, घर मात्र लपवून ठेवायचं. यंत्र काय सांगतं ते बघायचं आणि मग घर उघडं करायचं. चोराचं घर पाचव्या-दहाव्या चौकोनात सापडलं तर यंत्र गुणाचं. पन्नासाव्यात सापडलं तर डोळे झाकून बोट ठेवलेलं काय वाईट?

“चौदा जणांची सरासरी बावन्न येते आहे, काका,” त्या म्हणाल्या. “बावन्न! यंत्र बिघडलंय की मी? प्रत्यक्षात हा पहिला बामणीचा, हा गावातला, हा पार नदीपलीकडचा. आणि यंत्र म्हणतंय सगळे माळावर.” त्यांनी पेन कानामागं खोचलं. “केबल चोरीत धरलेला तो कोठडीतला माणूसही तिथलाच ना?”

“हो,” मी म्हणालो.

“त्याला यंत्राच्या सांगण्यावरूनच पकडलाय ना?”

“थोडंफार.”

“काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“उकडतंय,” म्हणालो आणि बाहेर आलो.

मला काय झालं होतं ते माझं मला माहीत. फिर्यादीच्या छापील फॉर्मात एक रकाना असतो: घटनास्थळाचं ठाण्यापासूनचं अंतर आणि दिशा. मी नवीन असताना कळंत्रे हवालदारांनी मला लिखापढी शिकवली. पहिलीच फिर्याद शेतातल्या चोरीची होती. मी विचारलं, दादा, अंतर किती घालू? ते पान जुळवत म्हणाले, “घाल की पूर्वेस तीन किलोमीटर. रानातल्या चोरीला तेच घालायचं असतंय. कोण मोजायला येतंय?”

कोणच आलं नाही. तीस वर्षं मी रानातल्या प्रत्येक चोरीला पूर्वेस तीन किलोमीटर घातलं. अगदी एकसारखं दिसू नये म्हणून कधी अडीच, कधी साडेतीन, इतकी माझी अक्कल चालली. गट नंबर कोण शोधत बसतो? फिर्यादीत नुसतं ‘स्वतःचे मालकीचे शेतातील विहिरीवर’ असं मोत्यासारख्या अक्षरात. आणि वरच्या मंडळींवर यंत्रात जागा भरायची वेळ आली तेव्हा शेताला पत्ता नाही म्हणून त्यांनी तोच रकाना उचलला. यंत्र बिचारं खोटं बोलत नव्हतं. त्याला चोर सापडतच नव्हता. त्याला सापडत होतो मी.

आणि माझ्या त्या तीन किलोमीटरवर मल्हारी डवरीचं घर होतं.

मल्हारी मोटारींचं रिवाइंडिंग करायचा. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. त्याच्या वडिलांच्या वेळी डवरी मंडळी माळावर पालं ठोकून असायची. मल्हारीनं तिथंच दोन खोल्या बांधल्या, आयटीआयला जाऊन कोर्स केला, दुकानावर पत्र्याची पाटी लावली. पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती. यंत्रानं लाल चौकोन दाखवला, आमच्या बिराजदार साहेबांनी माळावर झडती घेतली आणि मल्हारीच्या दुकानात अकरा किलो जुनं तांबं सापडलं. झालं. सोमवारी त्याला उचलला. कोर्टानं शुक्रवारपर्यंत कोठडी दिली. बिराजदार साहेब वाईट माणूस नव्हता हो. पण शेतकऱ्यांचा मोर्चा यायचा होता आणि नकाशा रंगीत होता.

मी कोठडीपाशी गेलो. मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला.

“नाना, ठाण्याची मोटार झाली का चालू?”

आमच्या बोअरची मोटार आठवडाभर जळून पडली होती. टँकरनं पाणी घेत होतो. जिल्ह्याला पाठवा म्हणून साहेबांनी सांगितलेलं, पण न्यायला कुणी तयार नव्हतं.

“कोण करणार?” मी म्हणालो. “करणारा आत.”

तो जरा हसला. मग म्हणाला, “बायको भायेर बसलीय का अजून?”

सोनाबाई ठाण्याच्या पायरीवर सकाळपास्नं बसून होती. मी तिच्याकडं गेलो. ती उभी राहिली नाही, नुसतं वर बघितलं.

“नाना, लोक मोटारी घिऊन चाललेत.”

“म्हणजे?”

“दुकानात सात मोटारी हुत्या दुरुस्तीला. काल तीन न्हेल्या, आज दोन. उघडलेल्या तशाच न्हेल्या, पोत्यात घालून. हरिबा साळुंखे म्हनला, चोराकडं माल कशाला ठिवू?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ह्यो सुटल हो आज ना उद्या. पर तांब्याचा चोर म्हनून एकदा नाव झालं की ह्याच्याकडं मोटार कोन आननार? दुसरं येतंय काय ह्याला?”

तिचं खरं होतं. शुक्रवारी कोर्टात साहेबांनी कोठडी वाढवून मागितली की पेपरात नाव येणार, फोटो येणार. मग पुढं निर्दोष सुटला तरी ते कोण वाचतंय?

आणि मी काय केलं? मूग गिळून बसलो. खरं सांगायचं तर भ्यालो. आठ महिने राहिलेत, आता चौकशी लागली तर? तीस वर्षांच्या फिर्यादी! एक नाही, दोन नाही. सहा वाजता टोपी काढली आणि घरी गेलो.

आमची मंदा भाकरी थापत होती. मी जेवायला बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. बायकोला सांगितलं की अर्धं ओझं उतरतं, असं वाटलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलथली आणि माझ्या ताटात काही वाढलंच नाही.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर तुमच्या हातचा?”

“अगं, मी काय मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम केलं असतं तर निदान डोकं तरी वापरलं असतं,” मंदा म्हणाली. “माणूस आत बसलाय, त्याची बायको पायरीवर बसलीय, आणि तुम्ही हितं पाटावर बसलाय. उद्या सांगणार का साहेबाला?”

“चौकशी लागेल. ठपका येईल. नोकरीचा शेवट असा व्हावा?”

“मग दुसऱ्याच्या धंद्याचा शेवट झालेला चालतोय?” तिनं भाकरी ताटात आपटली. “जेवा. उद्या ताकद लागणार आहे.”

गुरुवारी सकाळी आठला मी ऋजुता मॅडमच्या लॉजवर गेलो. त्या चहा घेत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. कळंत्रे हवालदार, पूर्वेस तीन किलोमीटर, अडीच, साडेतीन, सगळं. त्यांनी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

“तीस वर्षं?”

“तीस वर्षं.”

“काका, मी तीन आठवडे त्या यंत्राला शिव्या देतेय!” आणि एकदम हसायलाच लागल्या. मला वाटलं ही पोरगी मला आता झोडणार, तर ही हसतेय. मग गंभीर झाल्या. “या नऊ चोऱ्यांच्या खऱ्या जागा तुम्हाला माहीत आहेत?”

“मला नाही. ज्याची केबल गेली त्याला आहेत.”

“किती वेळ लागेल?”

“माझी मोटारसायकल आणि तुमचा तो फोन. आज दिवसभर.”

“चला मग,” म्हणून त्यांनी बॅग खांद्याला अडकवली.

असा दिवस मी नोकरीत बघितला नव्हता. नऊ विहिरी. तीस वर्षांत ज्या विहिरींच्या मी फिर्यादी लिहिल्या, त्यातली एकही जागा मी पाहिलेली नव्हती. पहिल्याच विहिरीला फजिती. शेतकरी होता बापूसो चौगुले. म्हणाला, “नाना, तुमी हितं? फिर्याद दिऊन महिना झाला, आज यताय व्हय?”

“मोजायला आलोय.”

“काय मोजायला?”

“तुझी विहीर ठाण्यापासनं किती लांब हाय ते.”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. “आवं, त्यासाठी फौजदार कशाला? कुनीबी सांगंल. पश्चिमेला दोन किलोमीटर, कालव्याच्या वर.”

पश्चिमेला! मी तिथं पूर्वेस तीन लिहिलं होतं. मॅडमनी फोन विहिरीच्या काठावर धरला, आकडा लिहून घेतला. पुढची विहीर उत्तरेला. तिसरी दक्षिणेला, ओढ्याच्या कडेला, तिथं तर माझी गाडी चिखलात रुतली आणि चौदा-पंधरा म्हशी आम्हाला बघायला गोळा झाल्या. सहावी विहीर हरिबा साळुंखेची. त्याच्या ओट्यावर पोत्यात मोटार होती, अर्धी उघडलेली.

“मल्हारीकडनं आणलीस ना?” मी विचारलं.

“मग काय करू? चोराकडं ठिवू?”

“कोण म्हणालं त्यो चोर हाय?”

“तुमीच धरला की, नाना!”

मी विहिरीच्या काठावर जाऊन फोन धरून उभा राहिलो. संध्याकाळी पाचपर्यंत नऊच्या नऊ झाल्या. पूर्वेला होती फक्त एक, तीही पाच किलोमीटरवर.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “आता तो खंडोबाचा माळही दाखवा, ठाण्यापासून मोजत जाऊ.”

मी तिथं पहिल्यांदा गेलो. ज्या जागेवर तीस वर्षं चोऱ्या घातल्या ती जागा ती. पंधरा-वीस घरं, एक हातपंप, खंडोबाचं लहानसं देऊळ, आणि मल्हारीच्या दुकानाला कुलूप. गाडीच्या मीटरवर बघितलं. रस्त्यानं पावणेचार किलोमीटर. आभाळातनं सरळ रेघ मारली तर तीन. कळंत्रे हवालदारांचा अंदाज बरा होता म्हणायचा. एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, “आता कुनाला न्यायला आलाय?” मी मान खाली घालून गाडीला किक मारली.

परत ठाण्यात आलो, मॅडमनी नव्या जागा यंत्रात भरल्या. मी बाजूला उभा. चौकोन एकेक रंगत गेले. पूर्वेचा माळ फिका पडला, पिवळा, मग हिरवा. मॅडमनी नंबर वाचला: “मल्हारीचं घर, एक्काहत्तर.” आधी ते दोन नंबरला होतं.

मी खुर्चीवर बसलोच. “सुटला म्हणायचा,” मी म्हणालो.

“अजून नाही. पण हे बघा.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, हळूच म्हणाल्या, “काका, एक नंबरचा चौकोन ओळखीचा वाटतोय का?”

मी वाकून बघितलं. बाजारपेठेची मागची बाजू, जुना सरकारी दवाखाना, आणि मधोमध आमची पोलीस लाइन. माझी खोली नंबर चार, लालभडक.

शुक्रवारी साडेनऊला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम बरोबर होत्या. अकराला मल्हारीला कोर्टात न्यायचा होता, व्हॅन दारात लागलेली. मी सलाम ठोकला आणि सांगितलं. काही झाकलं नाही. साहेबांच्या मानेवरची शीर उठली.

“थोरवत, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तीस वर्षांचे सगळे कागद?”

“रानातले, साहेब. गावातले बरोबर आहेत.”

“मेहेरबानी!” साहेबांनी टेबलावर फाइल आपटली. “सस्पेंड करू का आत्ताच्या आत्ता?”

“करा, साहेब. पण आधी मल्हारीचं बघा.”

“त्याच्याकडं अकरा किलो तांबं सापडलंय. ते तर यंत्रानं नाही ना ठेवलं?”

“साहेब, रिवाइंडिंगवाल्याकडं तांबं नाही सापडणार तर काय पेढे सापडणार?” माझ्या तोंडातनं गेलंच. “आणि ते तांबं जळालेल्या मोटारीचं, वार्निश लावलेली बारीक तार. केबलचं तांबं जाड असतंय. मोटार उघडलेला कुणीही माणूस सांगेल. आपण विचारलंच नाही.”

साहेब मॅडमकडं वळले. “तुमचं यंत्र आता काय म्हणतंय?”

मॅडमनी लॅपटॉप फिरवून ठेवला. साहेब बघत राहिले. ठाण्याच्या पिछाडीला लाल रंग.

“ही पोलीस लाइन आहे,” साहेब म्हणाले.

“हो, सर.”

“म्हणजे चोर पोलीस लाइनीत राहतो?”

“तसं नाही सर,” मॅडम म्हणाल्या. “त्या एका चौकोनात चारशे घरं आहेत. यंत्र एवढंच म्हणतंय की शोधायला इथून सुरुवात करा. कोणाला पकडा असं ते कधीच म्हणत नाही.”

“पण गेल्या वेळी आम्ही...” साहेब थांबले.

मी पुढं झालो. आता काय, हात दाखवून अवलक्षण आधीच झालं होतं. “साहेब, लाल चौकोनात घर असणं हाच पुरावा असेल, तर मला आत टाका. खोली नंबर चार. तांबंही सापडेल. मंदाचा हंडा आहे, कळशी आहे, मोजून नऊ किलो होईल.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते! तोंडावर हात धरून हसत होते.

“हंडा, कळशी!” ते म्हणाले. मग डोळे पुसले आणि एकदम कडक आवाजात म्हणाले, “लिहायला रायटरला बोलवा. पुरावा नाही म्हणून सोडावं, असा कागद कोर्टात द्यायचा. आणि थोरवत, तुमची चौकशी होणारच. त्यातनं सुटका नाही.”

“बरं, साहेब.”

“कागद तुम्हीच लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं.”

त्या दिवशी कागद लिहिताना माझा हात इतका हलका होता म्हणून सांगू! दुपारी एकला मल्हारी कोर्टाच्या पायऱ्या उतरला. सोनाबाई पुढं आली आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. मी लांबनंच हात केला. जवळ जायचं धाडस झालं नाही. मल्हारीच चालत आला.

“नाना, मॅडमनी सांगितलं सगळं.”

“चुकलो, बाबा. हात जोडतो.”

“हात खाली करा,” तो म्हणाला. आवाजात राग होता, असायलाच पाहिजे होता. “सुटलो त्ये चांगलं झालं. पर आता दुकान उघडून बसू कुनासाठी? एक मोटार ऱ्हायली न्हाई.”

मी घरी आलो तरी तेच डोक्यात. सुटल्याचा कागद मी लिहिला, पण तो कोर्टाच्या फायलीत. गावातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन वाचून दाखवू का? मंदाला विचारलं तर म्हणाली, “धरून नेलं ते गावानं बघितलं का?”

“बघितलं की. दिवसाढवळ्या, जीपमधनं.”

“मग जीपमधनंच काहीतरी परत न्या.”

शनिवार आमचा बाजारचा दिवस. सकाळी दहाला, माणसांची जत्रा ऐन भरात असताना, आमच्या ठाण्याची जळालेली बोअरची मोटार जीपच्या मागच्या बाजूला चढवली. दोन शिपाई मागं बसले, वर्दीत. पुढं मी. साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “मला काही सांगू नका, मला पाणी पाहिजे.” ड्रायव्हरला म्हटलं, बाजारपेठेतनं घे, आणि हॉर्न दे.

सावकाश गेलो. भाजीवाल्या बघत होत्या, धनगर बघत होते, चहाच्या टपरीवरची सगळी पंचायत उठून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, “नाना, मोटार कुठं?”

“मल्हारीकडं!” मी मोठ्यानं सांगितलं. “दुसरीकडं कुठं नेणार? ठाण्याची मोटार हाय, चांगल्या हातात द्यायला नको?”

“त्यो चोर न्हवं का?”

“पोलीस आपली मोटार चोराकडं देतात का रे?” मी म्हणालो. बाजार हसला. जीप माळाकडं वळली, आणि मागं बघितलं तर चार-पाच मोटारसायकली आमच्या पाठीमागं.

मल्हारी दुकानाच्या दारात उभा होता. शिपायांनी मोटार उतरवून त्याच्या ओट्यावर ठेवली. तो वाकला, हातानं फिरवून बघितली, वास घेतला. “पार जळलीय,” म्हणाला. “चार दिवस लागतील.”

“लागू देत.”

मागं कुणीतरी खाकरलं. हरिबा साळुंखे होता, गाडीच्या कॅरियरला पोतं बांधलेलं. नजर खाली. “माझीबी तेवढी परत जोडून दे बाबा,” म्हणाला.

मल्हारीनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. सोनाबाई दारातनं म्हणाली, “ठिवा तिथं, नानांच्या मागं.” आणि आत चहा टाकायला गेली. तेव्हा कुठं मला मोकळा श्वास आला. छाती भरून घेतला. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

पुढचं थोडक्यात सांगतो. महिन्याभरात केबल चोर सापडला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारा एक वायरमनचा मजूर. एक नंबरचा चौकोन, पण आमची लाइन सोडून तिसरी गल्ली. ऋजुता मॅडम मार्चपर्यंत आमच्याकडं राहिल्या. माझ्या गाडीवर बसून जुन्या चौदा चोरांच्या एकूण एक विहिरी त्यांनी मोजल्या. बावन्नवरनं सरासरी एकोणीसवर आली. तिघं मात्र पार चुकले, ते बाहेरगावाहून यायचे. मी विचारलं, “मग चालतंय म्हणायचं का यंत्र?” म्हणाल्या, “चालतं, काका. आपण त्याला खरं सांगितलं तर.” चौकशीत माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं ठपका आला. तो मी वाचला, सही केली, आणि शांत झोपलो.

पण त्या शनिवारचं एक राहिलं. चहा झाल्यावर मल्हारीनं पावतीचं पुस्तक काढलं. पेन्सिल जिभेला लावली.

“नाव?”

“तुंगवण पोलीस ठाणे.”

त्यानं लिहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “पत्ता? माझ्या दुकानापास्नं कुठल्या दिशेला, किती अंतर?”

शिपाई हसायला लागले. हरिबाला काही कळेना. मल्हारी हसत नव्हता, पण पेन्सिल थांबवून वाट बघत होता.

“पश्चिमेस,” मी म्हणालो. “पावणेचार किलोमीटर. स्वतः मोजलंय.”

त्यानं तसंच लिहिलं, पावती फाडून माझ्या हातात दिली, आणि पुस्तकाचं पुढचं पान उलटलं.

“हं, हरिबा,” म्हणाला, “तुमचं?”